रीस्टार्ट मारलं की फुटतंय: जावाच्या सीरियलायझेशन एररचा माग कसा काढायचा

लॅपटॉपवर सगळं ओके असतंय. लॉगिन होतंय, कर्जाचा अर्ज तीन पानांत भरून होतोय, डेमो पण झकास झालेला असतो. मग ते ॲप सर्व्हरवर चढतं, दोन दिवसांनी कोणीतरी टॉमकॅट, म्हणजे ते ॲप चालवणारा सर्व्हर, रीस्टार्ट मारतं आणि लॉगमध्ये ही लांब रांग लागते, वर लिहिलेलं असतं नॉटसीरियलायझेबलएक्सेप्शन, पुढे कुठल्यातरी क्लासचं नाव, आणि खाली ज्या पन्नासेक ओळी आहेत त्यात तुम्ही लिहिलेली एक पण ओळ नसते, सगळं टॉमकॅटचं नाहीतर जावाचं स्वतःचं. कोड तर चालत होता की. मग फुटलं कुठे?

बहुतेक पोरं यावर जे करतात ते सांगतो. एररमध्ये ज्या क्लासचं नाव आलं त्याला इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल लावतात. परत चालवतात. आता दुसऱ्या क्लासचं नाव येतं. त्याला पण लावतात. मग तिसरा. असं करत करत शेवटी हिकारीडेटासोर्सचं नाव येतं, डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या लायब्ररीचा क्लास, जो आपला नाहीच, तिथे काय लावणार? मूळचा खानापूरचा, आता बेंगळुरूत नोकरीला असलेला एक पोरगा अशा वेळी मला फोन करतो, "दादा, सगळ्या क्लासला लावून बसलोय, तरी येतंय." अरे मग लावत का बसलास? एररमध्ये ज्याचं नाव आलंय त्याचा काही दोष नसतो बऱ्याचदा. त्याला तिथे कोणी ओढून आणलं हे शोधायचं असतंय. माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे, बाकी खाली लिहिलंय ते त्याचाच तपशील.

आधी थोडक्यात, सीरियलायझेशन म्हणजे मेमरीतलं जिवंत ऑब्जेक्ट बाइटच्या रांगेत उतरवणं, म्हणजे ते फाइलमध्ये ठेवता येतं, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवता येतं, आणि पलीकडे त्या बाइटमधून परत तसंच ऑब्जेक्ट उभं करता येतं. जावात हे १९९७ पासून आहे, जेडीके १.१ मध्ये आलं. सीरियलायझेबल हा इंटरफेस आत पूर्ण रिकामा आहे, एक पण मेथड नाही. तो फक्त शिक्का. हा क्लास बाइटमध्ये उतरवायला माझी परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. उतरवता येईलच याची गॅरंटी तो देत नाही, आणि कंपायलर पण ते तपासत बसत नाही, म्हणून ही एरर कायम चालत्या ॲपमध्येच येते.

आता कोणी म्हणेल, मी तर ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम (हे बाइटमध्ये उतरवायचं काम करणारा जावाचा क्लास) आयुष्यात वापरला नाही. तुम्ही नाही हो, पण तुमचा सर्व्हर वापरतोय. टॉमकॅट नीट बंद होताना चालू असलेली सगळी सेशन्स, म्हणजे प्रत्येक युजरची सर्व्हरने लक्षात ठेवलेली माहिती, सेशन्स डॉट एसईआर नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि परत सुरू झाला की वाचून घेतो, म्हणजे युजर लॉगआउट होऊ नये. ॲप रीलोड झालं तरी तेच. (टॉमकॅट १०.१ पासून हे डिफॉल्टला बंद असतं, सेटिंगमध्ये चालू करावं लागतं.) दोन मशीनवर ॲप लावलं आणि टॉमकॅटचं क्लस्टरिंग चालू केलं की एका मशीनवरचं सेशन दुसऱ्याला पाठवलं जातं, तिथे पण हेच. स्प्रिंग सेशन वापरून रेडिस नावाच्या वेगळ्या डेटा साठ्यात सेशन ठेवलं, तर डिफॉल्टला तिथे पण जावाचं हेच जुनं सीरियलायझेशन. जेएसएफ (जावाचं वेब पानं बनवायचं फ्रेमवर्क) वापरत असाल आणि पेजची स्टेट क्लायंटकडे ठेवायची सेटिंग असेल तर प्रत्येक पेजला हे घडतं. कॅशे डिस्कवर सांडायला ठेवलाय? तिथे पण.

म्हणून लॅपटॉपवर दिसत नाही. तिथे एकच टॉमकॅट, तोही आयडीईतून लाल बटण दाबून मारून टाकलेला, त्याला सेशन लिहायला वेळच मिळत नाही.

टॉमकॅटची आणखी एक गंमत आहे. सेशनमध्ये ठेवलेल्या वस्तूला स्वतःलाच सीरियलायझेबल नसेल तर सेशन लिहिताना टॉमकॅट ती गुपचूप गाळतो. वस्तूला शिक्का आहे पण तिच्या पोटात बिनशिक्क्याचं काहीतरी आहे, अशा वेळी मग लॉगमध्ये वॉर्निंग पडते की अमुक नावाचं सेशन ॲट्रिब्यूट लिहिता आलं नाही. दोन्हीकडे परिणाम एकच, रीस्टार्टनंतर युजर लॉगिन आहे असं दिसतं पण सेशनमधली ती वस्तू गायब, आणि पुढच्या क्लिकला नलपॉइंटरएक्सेप्शन. लोक मग त्या नलच्या मागे दिवसभर लागतात. नलपॉइंटर रीस्टार्टनंतरच येतो का हे आधी बघा, येत असेल तर रीस्टार्टच्या आधीचा लॉग काढा, म्हणजे टॉमकॅट बंद होतानाचा, सुरू होतानाचा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. ऑब्जेक्ट एकटं कधी जात नाही. तुम्ही सेशनमध्ये सभासद ठेवला, तर सभासदाची जेवढी फील्ड आहेत ती सगळी त्याच्याबरोबर निघतात, त्या फील्डमध्ये जी ऑब्जेक्टं आहेत त्यांची फील्ड निघतात, त्यांच्या आतली पण. एकाला जेवायला बोलवावं आणि तो अख्खी गल्ली घेऊन दारात उभा राहावा तसलं आहे हे. आणि जावा त्या घोळक्यातल्या प्रत्येकाचा शिक्का तपासतो. एकाचा जरी नसला तरी सगळंच थांबलं.

पतसंस्थेच्या ॲपचं उदाहरण घेऊ. आपल्या भागात पतसंस्था नाही असं गाव सापडायला वेळ लागेल, त्यामुळे हे सगळ्यांना पटकन कळेल. सभासद क्लासमध्ये नाव, खाते क्रमांक, आणि कर्जांची यादी. कर्ज क्लासमध्ये रक्कम, तारीख, हप्ते. इथवर ठीक. मग कोणीतरी सोय म्हणून कर्जाच्या क्लासमध्येच व्याजगणक नावाची सर्व्हिस फील्ड म्हणून घातली, म्हणजे कर्जालाच विचारता येतं की बाबा तुझं आजचं व्याज किती. व्याजगणकाला दर लागतात, ते डेटाबेसमधून येतात, म्हणून त्याच्याकडे रिपॉझिटरी, रिपॉझिटरीकडे डेटासोर्स, डेटासोर्सकडे कनेक्शनचा पूल आणि त्याचे थ्रेड. आता सभासद सेशनमध्ये ठेवला म्हणजे तुम्ही जावाला सांगताय की हा सभासद, त्याची कर्जं आणि डेटाबेसची चालू कनेक्शनं हे सगळं बाइटमध्ये उतरव. चालू कनेक्शन कसं उतरणार? ते एका उघड्या सॉकेटवर उभं आहे, त्याचा फोटो काढून दुसऱ्या मशीनवर ते जिवंत होत नाही.

इथे शिक्के मारत बसणं चुकीचं. व्याजगणक कर्जाच्या आत असायलाच नको होता. कर्ज म्हणजे माहिती, व्याजगणक म्हणजे काम करणारा. काम करणाऱ्याने माहिती हातात घ्यावी, माहितीने काम करणाऱ्याला पोटात घेऊन फिरू नये. ते फील्ड काढा, कर्ज व्याजगणकाकडे पाठवा, संपलं.

पण खऱ्या ॲपमध्ये साखळी तीन कड्यांची नसते, दहा-बारा असतात आणि एरर फक्त शेवटच्या कडीचं नाव सांगते. मधला रस्ता कसा काढायचा? यासाठी एक सेटिंग आहे आणि ती बऱ्याच अनुभवी लोकांना पण ठाऊक नसते. जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारं मशीन, सुरू करताना डॅश डी लावून सन डॉट आयओ डॉट सीरियलायझेशन डॉट एक्स्टेंडेडडीबगइन्फो ही प्रॉपर्टी ट्रू करायची. टॉमकॅट असेल तर बिन फोल्डरमधल्या सेटएन्व्ह फाइलमध्ये कॅटालिना ऑप्ट्स मध्ये टाका. मग त्याच एररखाली डॅश डॅश करून ओळी येतात, अमुक क्लासमधलं अमुक नावाचं फील्ड, ते ज्या ऑब्जेक्टमध्ये आहे ते, त्याच्या वरचं फील्ड, असं करत शेवटी रूट ऑब्जेक्ट. सगळ्यात खालची ओळ म्हणजे तुम्ही सेशनमध्ये ठेवलेली वस्तू, सगळ्यात वरची म्हणजे जिथे अडलं ते. खालून वर वाचत जा आणि प्रत्येक ओळीला विचारा, हे फील्ड इथे कशाला पाहिजे? ज्या ओळीला उत्तर मिळत नाही तिथे दुरुस्ती करायची.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ही सेटिंग प्रत्येक ऑब्जेक्टची टूस्ट्रिंग पण छापते, आणि टूस्ट्रिंगमध्ये कोणी खाते क्रमांक, मोबाइल नंबर घातलेला असला तर तो लॉगमध्ये उतरतो. टेस्ट सर्व्हरवर लावा, काम झालं की काढा.

नेहमीचे गुन्हेगार कोण ते सांगतो, यातले अर्धे तरी तुम्हाला भेटतीलच. डेटासोर्स नि कनेक्शन वर आलेच. थ्रेड, सॉकेट, इनपुटस्ट्रीम, म्हणजे अपलोड झालेल्या फाइलचा उघडा स्ट्रीम सेशनमध्ये ठेवणारे लोक आहेत, खरंच आहेत. जावाचा स्वतःचा युटिल लॉगिंगवाला लॉगर जर स्टॅटिक न करता साधा फील्ड म्हणून ठेवला असेल तर तो. ऑप्शनल, हा मुद्दामच सीरियलायझेबल केलेला नाही, तो मेथडमधून परत देण्यासाठी आहे, फील्ड म्हणून ठेवण्यासाठी नाही. आणि हॅशमॅप. हॅशमॅप स्वतः चांगला जातो, पण त्याच्यावर व्हॅल्यूज किंवा कीसेट मारून जे मिळतं ते जात नाही. ॲरेलिस्टची सबलिस्ट पण नाही. कारण या सगळ्या मूळ वस्तूकडे बघायच्या खिडक्या आहेत, वेगळ्या याद्या नाहीत. पहिले दहा सभासद दाखवायला सबलिस्ट काढली आणि तीच सेशनमध्ये ठेवली की बसला झटका. नवीन ॲरेलिस्टमध्ये ओतून ठेवा.

इनर क्लास वेगळाच प्रकार आहे, तो दिसतच नाही. क्लासच्या आत क्लास लिहिला आणि त्याला स्टॅटिक म्हटलं नाही, तर आतल्या ऑब्जेक्टकडे बाहेरच्या ऑब्जेक्टचा धागा लपून असतो, तुम्ही कुठेही लिहिलेला नसताना. बाहेरचा क्लास कंट्रोलर असला की झालं, तुम्ही पाठवलं छोटंसं फिल्टर आणि मागून आख्खा कंट्रोलर त्याच्या सर्व्हिसेससकट. एररमध्ये किंवा त्या रस्त्याच्या ओळींमध्ये नावात डॉलरचं चिन्ह, किंवा फील्डचं नाव धिस डॉलर शून्य असं दिसलं की समजा हेच आहे. क्लास स्टॅटिक करा किंवा वेगळ्या फाइलीत काढा.

हायबरनेट (जावाची ऑब्जेक्टं डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना एक निराळा त्रास. डेटाबेसमधून आलेल्या सभासदाची कर्जांची यादी ही ॲरेलिस्ट नसतेच, ती हायबरनेटची स्वतःची पर्सिस्टंटबॅग असते. ती सीरियलायझ होते, तिथे तक्रार नाही. पण यादी आधी भरलेली नसेल, रीस्टार्टनंतर सभासद सेशनमधून परत आला आणि तुम्ही यादी उघडायला गेलात की लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन, कारण ज्या डेटाबेस सेशनमधून ती यादी भरली जायची तो कधीच बंद झाला. म्हणून एंटिटी, म्हणजे डेटाबेसच्या ओळीवरून बनलेलं असं ऑब्जेक्ट, सेशनमध्ये ठेवूच नये या मताचा मी आहे. सभासदाचा आयडी ठेवा, नाव ठेवा, लागली तर शाखा ठेवा. बाकी प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसमधून आणा. लोक म्हणतात स्लो होईल. प्रायमरी कीवरून एक ओळ आणायला डेटाबेसला काही वाटत नाही हो, तुमच्या पानावर जो बॅनरचा मोठा फोटो आहे तो आधी बारीक करा.

काढताच येत नाही असं फील्ड असलं तर ट्रान्झियंट हा शब्द आहे. फील्डच्या आधी लावला की जावा ते फील्ड सोडून देतो. पण पलीकडे ते परत येत नाही, ऑब्जेक्ट असेल तर नल, आकडा असेल तर शून्य, बूलियन असेल तर फॉल्स. आणि इथे लोक फसतात, कारण त्यांना वाटतं की फील्डसमोर इक्वल टू न्यू करून लिहिलंय ना, मग ते तर भरेलच. नाही भरत. बाइटमधून ऑब्जेक्ट उभं करताना तुमच्या त्या सीरियलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, समोर लिहिलेली सुरुवातीची किंमत पण चालत नाही. रीडऑब्जेक्ट नावाची प्रायव्हेट मेथड लिहून, तिच्यात आधी डिफॉल्टरीडऑब्जेक्ट बोलवून, मग ते फील्ड हाताने भरायचं. नाहीतर जिथे वापरता तिथे नल आहे का बघून तेव्हाच बनवायचं.

यातूनच एक छुपा प्रकार निघतो, ज्यात एरर येतच नाही आणि माहिती मात्र हरवते. समजा सगळ्या क्लासचा एक बाप आहे, बेसएंटिटी, त्यात आयडी आणि तयार केल्याची तारीख. सभासद त्याचा मुलगा. सभासदाला शिक्का मारला, बापाला मारला नाही. जावा तक्रार करत नाही! मुलाची फील्ड लिहितो, बापाची सोडून देतो. परत उभं करताना बापाचा रिकामा कन्स्ट्रक्टर चालवतो, त्यामुळे नाव, खाते क्रमांक सगळं बरोबर दिसतं आणि आयडी नल. मग सेव्ह केलं की हायबरनेटला वाटतं हा नवीन सभासद, आणि एकाचे दोन सभासद होतात. याला तुम्ही सीरियलायझेशनची एरर म्हणून कधी शोधणार पण नाही. बापाला रिकामा कन्स्ट्रक्टरच नसेल तर निदान वाचताना इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन येतं, नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर म्हणून, ते उलट बरं म्हणायचं. शिक्का बापाला मारा, मुलांना आपोआप मिळतो.

आता दुसरं मोठं घराणं, लिहिताना नाही तर वाचताना फुटणारं. इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन, लोकल क्लास इनकंपॅटिबल, आणि त्यापुढे दोन लांबच लांब आकडे, एक स्ट्रीममधला, एक लोकल. हे आकडे म्हणजे सीरियलव्हर्जनयूआयडी, क्लासच्या आवृत्तीचा नंबर. तुम्ही स्वतः दिला नाहीत तर जावा क्लासचं नाव, फील्ड, मेथड, इंटरफेस असं सगळं घेऊन त्याचा हॅश काढून नंबर ठरवतो. म्हणजे तुम्ही सभासद क्लासमध्ये नुसती एक पब्लिक मेथड वाढवलीत तरी नंबर बदलला, आणि रेडिसमध्ये कालची जी सेशन्स पडून आहेत ती आज उघडत नाहीत. दोन सर्व्हर असतील आणि एकावर नवीन वॉर फाइल (ॲपचं पूर्ण गाठोडं) चढवली, दुसरा अजून जुना, तर मधल्या वेळात जो युजर इकडून तिकडे गेला त्याला पाचशे नंबरची एरर.

क्लासमध्ये नंबर स्वतः लिहा, प्रायव्हेट स्टॅटिक फायनल लाँग, एक एल, एवढंच. आधी लिहिला नव्हता आणि जुना डेटा वाचायचाच आहे? मग एररमध्ये स्ट्रीमवाला जो आकडा दिसतोय तोच उचलून क्लासमध्ये चिकटवा. फील्ड वाढवलेलं असेल तर जुन्या डेटात ते नल येईल, फील्ड कमी केलं असेल तर जुन्यातलं सोडून दिलं जाईल, दोन्ही चालतं. पण फील्डचा प्रकार इंटवरून लाँग केला असेल तर नंबर जुळवून पण उपयोग नाही, इनकंपॅटिबल टाइप्स म्हणून परत तेच एक्सेप्शन. तेव्हा जुनी सेशन्स सरळ पुसा, लोक परत लॉगिन करतील, जग बुडत नाही. फक्त ते संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर करा, सकाळी अकराला नव्हे.

नाव बदलण्याचा प्रकार यापेक्षा वाईट. बाइटमध्ये क्लासचं पूर्ण नाव पॅकेजसकट लिहिलेलं असतं, त्यामुळे क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, नंबर कितीही बरोबर असो. इनमची, म्हणजे ठराविक किमतींच्या यादीच्या क्लासची, तर मजाच. इनमला व्हर्जन नंबर लागत नाही, जावा नुसतं त्या किमतीचं नाव लिहितो. आता विचार करा, जिल्ह्यांचा इनम आहे, त्यात इंग्रजी स्पेलिंगने बेलगाम लिहिलेलं आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, म्हणून कोणीतरी कोडमध्ये पण ते बेलगावी केलं. कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या, आणि जुनी सेशन नि जुना कॅशे वाचताना इनव्हॅलिडऑब्जेक्टएक्सेप्शन, इनम कॉन्स्टंट बेलगाम अस्तित्वात नाही म्हणून. नावावरून इथे भांडणं कमी नाहीत, त्यात जेव्हीएमची भर. इनमच्या आतलं नाव एकदा ठेवलं की हलवू नये, पडद्यावर काय दाखवायचं ते वेगळ्या फील्डमध्ये ठेवा आणि खुशाल मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत हवं तसं बदला.

स्प्रिंग बूटमध्ये डेव्हटूल्स (कोड बदलला की ॲप आपोआप परत सुरू करणारं साधन) लावून काम करणाऱ्यांना कधीतरी एक वेड्यासारखी एरर येते, सभासदला सभासदमध्ये कास्ट करता येत नाही. डोळे चोळून वाचलं तरी दोन्हीकडे तेच नाव. डेव्हटूल्स तुमचे क्लास वेगळ्या क्लासलोडरमधून (क्लास मेमरीत चढवणाऱ्या भागातून) चढवतं, आणि एकच क्लास दोन लोडरमधून चढला की जावाच्या लेखी ते दोन वेगळे क्लास. प्रॉडक्शनवर डेव्हटूल्स नसतं, तिथे हे येत नाही. डेव्हटूल्स काढून एकदा चालवून बघा, गेली तर तीच होती.

मग स्ट्रीमकरप्टेडएक्सेप्शन, इनव्हॅलिड स्ट्रीम हेडर. जावाच्या सीरियलायझेशनची प्रत्येक रांग एसी ईडी ०० ०५ या चार बाइटने सुरू होते. एररमध्ये हेडर म्हणून जे दिसतंय ते बघा. ईएफ बीएफ बीडी दिसलं तर ओळखायचं की मधे कोणीतरी या बाइटचं यूटीएफ-८ स्ट्रिंग केलं आणि परत बाइट केले. हे तीन बाइट म्हणजे ते काळं चौकोनी प्रश्नचिन्ह, जे कन्नड किंवा मराठी नावं चुकीच्या एन्कोडिंगने उघडली की पानभर दिसतं, सातबाऱ्याच्या नि याद्यांच्या फाइलींमुळे आपल्याकडे ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एकदा तसं झालं की मूळ बाइट गेले, परत मिळत नाहीत. बाइट स्ट्रिंगमधून न्यायचेच असतील तर बेस-६४ करा, म्हणजे ते साध्या अक्षरांत लिहिले जातात, किंवा डेटाबेसचा कॉलम टेक्स्टऐवजी ब्लॉब करा. आणि इनव्हॅलिड टाइप कोड एसी अशी एरर आली तर एकाच फाइलला दुसऱ्यांदा नवीन ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम जोडून लिहिलंय, म्हणून मधेच परत हेडर आलाय. ईओएफएक्सेप्शन म्हणजे फाइल अर्धवट, डिस्क फुल होती का बघा.

जेसनचं, म्हणजे ब्राउझरला माहिती पाठवायच्या मजकुराच्या स्वरूपाचं, पण बोलायला पाहिजे, कारण नावामुळे अर्धी जनता गोंधळते. नो सीरियलायझर फाउंड फॉर क्लास, अशी एरर आली तर ती जावाच्या सीरियलायझेशनची नव्हेच, ती जॅक्सनची, म्हणजे ऑब्जेक्टचं जेसन करणाऱ्या लायब्ररीची. जॅक्सनला सीरियलायझेबल शिक्क्याशी काही देणंघेणं नाही, तो गेटर, म्हणजे फील्डची किंमत देणाऱ्या मेथड, शोधतो. गेटर नाहीत म्हणून ओरडतोय, आणि लोक तिथे जाऊन शिक्का मारतात. उलट लोकलडेट जावाच्या सीरियलायझेशनमधून बिनबोभाट जातो पण जॅक्सन २ त्याला जेएसआर-३१० चं मॉड्यूल असल्याशिवाय हात लावत नाही. एररमध्ये बाइटबडीइंटरसेप्टर दिसलं तर हायबरनेटचा न भरलेला प्रॉक्सी (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा केलेला बदली) थेट जेसनमध्ये निघालाय.

आणि फेरा. जावाचं सीरियलायझेशन एकदा लिहिलेलं ऑब्जेक्ट लक्षात ठेवतं, परत भेटलं तर नुसती खूण करतं, त्यामुळे गोल फिरणाऱ्या नात्यांची त्याला भीती नाही. जॅक्सन डिफॉल्टला असं काही लक्षात ठेवत नाही. पतसंस्थेत हे तर होणारच, कारण याच्या कर्जाला तो जामीन आणि त्याच्या कर्जाला हा जामीन ही आपली जुनी पद्धत. सभासद, त्याचं कर्ज, कर्जाचा जामीनदार सभासद, त्याचं कर्ज, त्याचा जामीनदार परत पहिला, आणि इन्फिनिट रिकर्शन, स्टॅकओव्हरफ्लो. नव्या आवृत्तीत हजार पातळ्या खोल गेलं की आधीच थांबवतो. जेसनइग्नोर, जेसनमॅनेज्डरेफरन्स वगैरे ॲनोटेशन आहेत, पण मी म्हणतो एंटिटी बाहेर पाठवूच नका, पडद्याला जेवढं लागतं तेवढीच फील्ड असलेला छोटा क्लास, म्हणजे डीटीओ, बनवा, जामीनदाराचं नाव नि खाते क्रमांक एवढंच. जास्तीचं टायपिंग आहे, मान्य. पण उद्या सभासदात पॅन नंबरचं फील्ड वाढलं तर ते आपोआप ब्राउझरला जाणार नाही, हा फायदा टायपिंगपेक्षा मोठा.

सुरक्षेचं एक टाळून चालणार नाही. ब्राउझरकडून, कुकीतून, लपवलेल्या फॉर्म फील्डमधून आलेले बाइट रीडऑब्जेक्टला कधीही द्यायचे नाहीत. २०१५ साली अपाची कॉमन्स कलेक्शन्स या रोजच्या वापरातल्या लायब्ररीचे क्लास साखळीने जोडून नुसते बाइट पाठवून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येते हे जगासमोर आलं, वेबलॉजिक, वेबस्फियर, जेबॉस, जेन्किन्स सगळे त्यात सापडले. तुमच्या क्लासमध्ये काहीही कास्ट करायच्या आधीच नुकसान झालेलं असतं. जावा ९ पासून कुठले क्लास वाचायचे याची चाळणी लावता येते, ती जावा ८ च्या अपडेट १२१ मध्ये पण आणली. चाळणीने अडवलं की एररमध्ये फिल्टर स्टेटस रिजेक्टेड असं येतं, आणि ते बघून लगेच सगळ्यांना परवानगी देऊन टाकू नका, कोण अडलंय ते आधी बघा. रिक्वेस्टमध्ये लहान आर, मोठा ओ, शून्य, मोठा ए, मोठा बी असं सुरू होणारी स्ट्रिंग दिसली तर ते बेस-६४ केलेलं जावा ऑब्जेक्ट आहे. ओरॅकलचे जावाचे मुख्य आर्किटेक्ट मार्क राइनहोल्ड यांनी तर २०१८ मध्ये सीरियलायझेशनला १९९७ सालची भयंकर चूकच म्हटलं होतं.

हे सगळं प्रॉडक्शनच्या आधी पकडायला दोन सोपे उपाय आहेत. टेस्ट सर्व्हरच्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये डिस्ट्रिब्यूटेबल हा टॅग टाका, मग बिनशिक्क्याची वस्तू सेशनमध्ये ठेवायला गेलात की टॉमकॅट तिथल्या तिथे इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन देतो, तुमच्या कोडच्या ओळीवर, रीस्टार्टची वाट न बघता. पण तो वरवरचंच बघतो, पोटातलं नाही. त्यासाठी एक युनिट टेस्ट लिहा, सेशनमध्ये जाणारा प्रत्येक क्लास खऱ्यासारखा भरून बाइट ॲरेमध्ये लिहायचा, परत वाचायचा आणि एकेक फील्ड जुळतंय का बघायचं, आयडीसकट. रिकामं ऑब्जेक्ट टेस्टला देऊ नका, नल कधीच अडत नाही, कर्जांच्या यादीत दोन कर्जं आणि त्यांचे जामीनदार भरूनच द्या.